रद्दीत जाणारा अहवाल

ऑगस्ट उजाडला की कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत एक चकचकीत पुस्तिका येऊन पडते. मुखपृष्ठावर अंबाबाईचं मंदिर नाहीतर रंकाळा, आत संस्थापकांचा फोटो, मग संचालक मंडळ, मग सभेची सूचना, आणि मागच्या पानावर ठेवींचे व्याजदर. सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल. घरातल्या कुणाच्या तरी नावावर त्या बँकेचे दहा-वीस शेअर्स असतात, म्हणून तो येतो. दोन दिवस टीव्हीशेजारी पडून राहतो आणि दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीबरोबर जातो.

गल्लीतली बँक बरी की देशभर शाखा असलेली मोठी बँक, हा वाद आपल्याकडे चहाच्या कपाबरोबर रंगतो. एकजण म्हणतो, तिथला साहेब नावानं हाक मारतो. दुसरा म्हणतो, बुडाली की कळेल. दोघांचंही खरं आहे, आणि दोघांनीही बहुधा तो अहवाल उघडलेला नसतो. मोठ्या बँकेवर नजर ठेवायला रिझर्व्ह बँकेखेरीज शेअर बाजार असतो, पतमापन करणाऱ्या संस्था असतात, आकडा जरा घसरला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते. पेठेतल्या बँकेसाठी यातलं फारसं काही नसतं. तिथं रिझर्व्ह बँकेच्या जोडीला दुसरी नजर सभासदाचीच. म्हणून छोटी बँक निवडणं म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवायचं काम अंगावर घेणं, असं मी मानतो. ते काम करायची तयारी असेल, तर या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला छोटी बँक जे देते ते दुसरीकडं मिळणं अवघड आहे.

ते काय देते, ते आधी पाहू. कोल्हापूरचा पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. ऊस तुटून गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, पण बिल प्रत्यक्षात कधी पडेल ते कारखान्यावर आणि साखरेच्या उठावावर अवलंबून. गुऱ्हाळं दिवाळीच्या आगेमागे पेटतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी थंडावतात. हुपरीचा चांदी कारागीर लग्नसराईवर जगतो, इचलकरंजीचा यंत्रमागवाला सुताच्या भावावर, शाहूपुरीतला कुंभार गणपतीवर. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेला हप्ता, या साच्यात यातलं काहीच नीट बसत नाही. साचा मुंबईत तयार होतो आणि शाखेतल्या अधिकाऱ्याला तो बदलायचा अधिकार नसतो. तो माणूस वाईट नसतो. तीन वर्षांत त्याची बदली होणार असते, इतकंच.

उद्यमनगरातल्या एखाद्या मशीन शॉपची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे आपल्या भाषेत सीसी, १० लाखांची आहे असं धरू. १० लाख मंजूर म्हणून १० लाख उचलता येत नाहीत. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं आणि त्यावरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, निघते. माल ८ लाखांचा, त्यातले २ लाख अजून पुरवठादाराला द्यायचे, म्हणजे स्वतःचा माल ६ लाखांचा. त्यातून २५ टक्के मार्जिन, म्हणजे बँक ज्यावर कर्ज देत नाही तो हिस्सा, वजा, राहिले साडेचार लाख. गिऱ्हाइकांकडून येणं ५ लाख, सगळं ९० दिवसांच्या आतलं. त्यातून ४० टक्के मार्जिन गेलं की ३ लाख. उचल करता येते साडेसात लाखांची. आता मोठ्या गिऱ्हाइकानं २ लाखांचं बिल लांबवलं आणि त्याला ९० दिवस उलटले, तर ते येणं हिशोबातून बाद. उरलेल्या ३ लाखांवर १ लाख ८० हजार, आणि ड्रॉइंग पॉवर एकदम ६ लाख ३० हजारांवर. खात्यात आधीच ७ लाख उचललेले असतील, तर दुसऱ्या दिवशी कास्टिंगवाल्याचा चेक परत जातो.

मोठ्या बँकेत हे संगणक करतो आणि चेक परत गेल्याचा मेसेज मोबाइलवर येतो. छोट्या बँकेतला शाखाधिकारी बहुधा सकाळी फोन करतो, कारण ज्या गिऱ्हाइकानं पैसे अडवलेत त्याचंही खातं कदाचित त्याच बँकेत असतं आणि तो शिरोलीत कुठल्या शेडमध्ये बसतो हे त्याला ठाऊक असतं. चार-आठ दिवस सांभाळून घेतात. मात्र हे सांभाळणं किती ताणायचं याला हद्द आहे. खातं सलग ९० दिवस ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिलं की ते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, झालं. तिथं ओळख चालत नाही आणि चालूही नये. जो शाखाधिकारी ती हद्दही ओलांडू देतो तो आपल्यावर उपकार करत नसतो. बाकीच्या ठेवीदारांच्या पैशाशी तो खेळत असतो.

नियमांनीही या बँकांचं तोंड लहान माणसाकडं वळवून ठेवलं आहे. मोठ्या व्यापारी बँकांना शेती, लहान उद्योग अशा अग्रक्रम क्षेत्रासाठी ४० टक्के कर्जाचं उद्दिष्ट, नागरी सहकारी बँकांना ६० टक्क्यांचं. एका कर्जदाराला पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या मूळ भांडवलाच्या १५ टक्क्यांपेक्षा आणि एका समूहाला २५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. शिवाय एकूण कर्जातली निम्मी तरी लहान रकमेची असावी लागतात. म्हणजे लेथवाला, चप्पलवाला, दुभती म्हैस घेणारा हाच या बँकेचा मुख्य धंदा आहे.

कर्जाची एक काळी बाजूही सांगायला हवी, कारण ती याच ओळखीतून येते. मोठी बँक सिबिल स्कोअर मागते, छोटी बँक त्याबरोबर दोन जामीनदार मागते. आपल्याकडं जामीन राहणं हा मैत्रीचा भाग समजला जातो; ‘नुसती सही तर करायची आहे’ म्हणून माणूस सही करून मोकळा होतो. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि जामीनदाराच्या पगारालाही हात लागतो. १०१ ची नोटीस आली म्हटल्यावर कोल्हापुरात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदाही सहकारी बँकेला मोठ्या बँकांसारखा वापरता येतो. तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेच आपल्या कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या बँकेच्या खटल्यातून, आणि ५ मे २०२० रोजी निकाल बँकेच्या बाजूनं लागला. म्हणून सही करण्याआधी कर्जरोख्यावरची रकमेची जागा भरलेली आहे ना ते पाहावं, कोऱ्या जागेवर सही करू नये, आणि कर्ज फिटल्यावर जामीन मुक्त झाल्याचं पत्र मागून घ्यावं.

आता पिग्मी. दुपारी तीनच्या सुमारास लक्ष्मीपुरीत पाहा. बगलेत पिशवी आणि हातात छोटं यंत्र घेतलेला माणूस दुकानामागून दुकान करत जातो. मिसळवाला गल्ल्यातून शंभराची नोट काढून त्याच्या हातात ठेवतो, बोलणं एकाच वाक्याचं. यंत्रातून चिठ्ठी निघते आणि खिळ्याला अडकवली जाते. ही पिग्मी १९२८ साली कर्नाटकातल्या सिंडिकेट बँकेनं सुरू केली. ती बँक पुढं मोठी राष्ट्रीयीकृत बँक झाली आणि २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. पण रोज दाराशी येणारा माणूस राहिला तो आपल्या सहकारी बँकांकडं आणि पतसंस्थांकडं.

रोज १०० म्हणजे वर्षाला ३६ हजार ५००. व्याज तुटपुंजं असतं. आवर्त ठेवीपेक्षा कमीच, कारण त्यातूनच एजंटाचं कमिशन जातं. व्याजासाठी पिग्मी करायची नसतेच. संध्याकाळपर्यंत गल्ल्यात राहिली असती तर खर्चून गेली असती, अशी ती रक्कम असते. दुसरा फायदा असा की वर्षभराची पिग्मी म्हणजे बँकेच्या लेखी त्या दुकानाचा रोजचा पुरावा. ज्याच्याकडं ना आयकराचं विवरणपत्र ना पगाराची स्लिप, त्याला त्या पुराव्यावर पहिलं कर्ज मिळतं.

यात काय बिघडतं, तेही ठरलेलं आहे. यंत्र बंद आहे, उद्या दोन दिवसांची एकदम मारतो, असं एजंट म्हणतो आणि ती उद्या कधी येत नाही. किंवा पासबुक ‘माझ्याकडंच राहू दे’ म्हणून तो ठेवून घेतो. चिठ्ठीशिवाय पैसे द्यायचे नाहीत. चिठ्ठीवर आजची जमा आणि एकूण शिल्लक असे दोन्ही आकडे असतात. दुसरा आकडा कालच्यापेक्षा बरोबर शंभरानं वाढला आहे का, एवढंच पाहायचं. मोबाइल नंबर खात्याला जोडून घ्यायचा, म्हणजे मेसेज थेट बँकेकडून येतो. आणि महिन्यातून एकदा स्वतः शाखेत जाऊन पासबुक भरून आणायचं. पैसे मुदतीआधी, त्यातही सहा महिन्यांच्या आत काढायचे झाले तर बहुतेक ठिकाणी व्याज तर मिळत नाहीच, वर काही रक्कम कापली जाते. अर्जाच्या मागच्या बाजूला ते बारीक अक्षरात छापलेलं असतं.

सोनेतारणाच्या टेबलावर तर गावातली बँक आणि बाहेरची बँक यांतला फरक ग्रॅमच्या काट्यावर दिसतो. कोल्हापुरी साज घ्या. चंद्र, बेलपान, शंख, मासा, कमळ, कारलं अशी एकेक पानं आणि मधले मणी पातळ पत्र्याचे असतात, आत लाख भरलेली असते, आणि सगळं रेशमात ओवलेलं. काट्यावर ठेवल्यावर ३० ग्रॅम आले तरी ते ढोबळ वजन. लाख, रेशीम, खडे धरून १० ग्रॅम वजा केले तर निव्वळ सोनं २० ग्रॅम. हा वजावटीचा आकडा ठरवणं ही कसबाची गोष्ट आहे. ज्याच्या हातून कधी साज गेलेला नाही तो भीतीपोटी निम्मं वजन कापतो, नाहीतर दागिना नको म्हणून बाजूला सारतो. गुजरीत वाढलेला सराफ पान हातात घेऊन, कडेनं दाबून, कसोटीवर हलकी रेघ ओढून अंदाज सांगतो आणि तो फारसा चुकत नाही.

हिशोब असा. समजायला सोपा म्हणून भाव ग्रॅमला १० हजार धरू. २० ग्रॅमचे २ लाख. प्रत्यक्षात बँकेनं गेल्या ३० दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा भाव यांतला कमी असेल तो धरायचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे १ लाख ७० हजार. पण मुद्दल आणि व्याज वर्षअखेर एकदम भरायचं असेल तर त्या मर्यादेत वर्षाचं व्याजही बसावं लागतं. १० टक्के दरानं हातात जास्तीत जास्त १ लाख ५४ हजार ५०० च्या आसपास येतात. शेजारणीला जास्त मिळाले म्हणून वाद घालण्याआधी तिनं दरमहा व्याज भरायचं कबूल केलं होतं का, ते विचारावं.

मोजणी आपल्या समोर व्हायला हवी. ढोबळ वजन, वजावट, निव्वळ वजन, शुद्धता आणि दागिन्याचा फोटो असलेला दाखला बँकेनं सहीनिशी द्यायचा असतो. तो घेतल्याशिवाय उठू नये. कर्ज फिटल्यावर दागिना त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या सात दिवसांत परत मिळायला हवा. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाईची तरतूद आहे.

आपल्या बँकांविषयी बोलताना शाहूपुरीचं नाव यायलाच हवं. १९४३ साली कोल्हापुरात रत्नाकर बँक निघाली. कोल्हापूर-सांगलीतल्या व्यापाऱ्यांची आणि लहान उद्योजकांची बँक म्हणून ती कित्येक वर्षं चालली. तीच आज आरबीएल बँक. २०१४ साली नाव बदललं, कारभार मुंबईतून चालतो, नोंदणीकृत कार्यालय मात्र अजून शाहूपुरीत आहे. शेजारची १९१६ सालची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये. म्हणजे ‘आपली बँक’ ही कायमची गोष्ट नाही. वाढून परकी होते, विकली जाते, नाहीतर बुडते. या तिन्ही खासगी बँका होत्या. त्यांची मालकी शेअर्सच्या खरेदी-विक्रीतून हलू शकत होती. सहकारी बँकेत दहा शेअर्स असोत की दहा हजार, मत एकच. तिची मालकी बाजारात हलत नाही, पण कारभार मूठभरांच्या हातात जाऊ शकतो, आणि तोही सभेला कुणी येत नाही म्हणून.

बुडण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, म्हणजे पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. ती बँक पेठेतली नव्हती, अनेक राज्यांत पसरलेली होती. इथं जवळ, इचलकरंजीतल्या एका नागरी सहकारी बँकेचा परवाना डिसेंबर २०२३ मध्ये रद्द झाला. मार्च २०२० मध्ये येस बँकेवरही निर्बंध आले होते आणि ५० हजारांची मर्यादा लागली होती. ती मोठी म्हणून तिला वाचवायला इतर बँका धावल्या आणि दोन आठवड्यांत व्यवहार सुरू झाले. पीएमसीच्या ठेवीदारांना जानेवारी २०२२ मधल्या विलीनीकरणापर्यंत थांबावं लागलं, आणि मोठ्या ठेवी असणाऱ्यांचं थांबणं त्यानंतरही संपलं नाही. आकाराचा फायदा असा मोजायचा असतो.

यावर उपाय म्हणजे विम्याची मर्यादा पक्की माहीत असणं. ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीला ५ लाखांचं विमा संरक्षण आहे. त्याआधी १९९३ पासून ते १ लाखच होतं. ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून आलं. राजारामपुरीच्या शाखेत ५ आणि कसबा बावड्याच्या शाखेत ५ ठेवले तरी संरक्षण पाचच लाखांचं. म्हणून बरोबर ५ लाखांची ठेव करणं ही नेहमीची चूक आहे. ८ टक्के दरानं, तिमाही चक्रवाढीनं, वर्षाच्या ठेवीसाठी ४ लाख ६० हजार ठेवले तर शेवटी ४ लाख ९७ हजार ९०० च्या आसपास होतात. दोन वर्षांसाठी ४ लाख २५ हजारच ठेवावेत. त्याच बँकेत बचत खात्यात पैसे असतील तर तेही यातच मोजले जातात. पतीच्या नावावर, पत्नीच्या नावावर, पती-पत्नीच्या संयुक्त आणि पत्नी-पतीच्या संयुक्त खात्यावर मात्र वेगवेगळं संरक्षण मिळतं. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला की हक्क वेगळा धरला जातो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेतल्या ठेवीदाराला विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायची तरतूद आहे. पहिले ४५ दिवस बँकेनं यादी द्यायची, पुढचे ४५ पडताळणी आणि पैसे वाटायचे. त्यासाठी संमतीचा अर्ज आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा क्रमांक वेळेत द्यावा लागतो, म्हणून दुसऱ्या बँकेत एक खातं आधीपासून असायलाच हवं.

आणि पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. गल्लीत दोन्हींच्या पाट्या शेजारी-शेजारी असतात, काउंटर सारखेच, पिग्मीही सारखीच, त्यामुळं ही गल्लत रोज होते. पतसंस्थेला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि तिथल्या ठेवीला ५ लाखांचा तो विमा नसतो. तिच्यावर देखरेख सहकार खात्याची; मल्टिस्टेट असेल तर केंद्रीय निबंधकाची. चांगल्या पतसंस्था आहेत, त्यांनी लोकांना सावकाराच्या दारातून परत आणलं आहे. पण तिथं निवृत्तीचा सगळा पैसा ठेवणं मला अजिबात पटत नाही. दीड-दोन टक्के जास्त व्याज दिसलं की आधी विचारायचं, विमा आहे का. उत्तर ‘आपले साहेब आहेत की’ असं आलं तर पैसे पिशवीत ठेवून घरी यायचं.

आता तो अहवाल. पुढची रंगीत पानं उलटून सरळ मागं जायचं, जिथं अक्षर बारीक होतं.

पहिला आकडा भांडवल पर्याप्ततेचा, सीआरएआर, म्हणजे कर्जाच्या जोखमीच्या मानानं बँकेचं भांडवल किती ते. ठेवी १०० कोटींपर्यंत असतील तर किमान ९ टक्के, बाकीच्या बहुतेक नागरी बँकांना १२. किमान आकड्याला चिकटून असलेली बँक म्हणजे काठोकाठ भरलेली घागर. दुसरा निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा करून उरलेली थकीत कर्जं. तो ३ टक्क्यांपर्यंत आणि भांडवल किमानपेक्षा निदान एक टक्का वर, अशा अटी बसल्या तर रिझर्व्ह बँकेच्या निकषांवर ती बँक धडधाकट ठरते. ६ टक्क्यांच्या पुढं गेला की कारवाईची भाषा सुरू होते. निव्वळ शून्य पाहून खूश व्हायचं नाही, शेजारचा ढोबळ एनपीए पाहायचा. ढोबळ ९ आणि निव्वळ शून्य याचा अर्थ कर्जं थकलेलीच आहेत, फक्त नफ्यातून तरतूद करून झाकली आहेत. झाकली हे चांगलंच. पण दरवर्षी इतकी थकतात का, हा प्रश्न उरतो.

तिसरं पान बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. सगळ्यात मोठ्या २० कर्जदारांकडं एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे आणि मोठ्या २० ठेवीदारांचा ठेवीत किती, ते तिथं टक्क्यांत दिलेलं असतं. सामान्यांची बँक म्हणवते आणि वीस जणांकडं एक तृतीयांश कर्ज असेल, तर ती सामान्यांची नाही. ताळेबंदातली ‘येणे व्याज’ आणि ‘इतर येणी’ ही ओळ मागच्या वर्षाशी ताडून पाहायची. कर्ज दहा टक्क्यांनी वाढलं आणि येणं व्याज चाळीस टक्क्यांनी, तर कागदावरचा नफा हातात आलेला नाही. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायला मनाई आहे, तरी ती ओळ वाचायची. रिझर्व्ह बँकेनं वर्षभरात दंड केला असेल तर तोही तिथं लिहावा लागतो. लेखापरीक्षण वर्ग ‘अ’ आहे हे मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात असतं. ‘ब’ झाला की तो आतल्या पानावर जातो.

लाभांशाला कायद्यानं १५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि नफ्यातला चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो. सभेत लाभांश कमी का, यावर तासभर गोंधळ होतो. तरतुदी पुरेशा आहेत का, हे विचारायला कुणी उठत नाही. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिथं तोंडी विचारलेला प्रश्न मंजूर-मंजूरच्या आवाजात विरून जातो. तोच प्रश्न सूचनेत दिलेल्या मुदतीत लेखी द्यायचा, प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायचा. मग उत्तर इतिवृत्तात यावं असा आग्रह धरता येतो.

मोठ्या बँकेचंही एक खातं ठेवावं, त्यात कमीपणा नाही. परदेशी शिकणाऱ्या मुलाला पैसे पाठवणं, निर्यातीची कागदपत्रं, मध्यरात्री प्रवासात लागणारं पेमेंट ही तिची कामं. अनेक छोट्या बँका आरटीजीएस, यूपीआयसाठी दुसऱ्या मोठ्या बँकेच्या आडून जोडलेल्या असतात आणि त्यांची संगणक व्यवस्था एखादी सेवा कंपनी सांभाळते. जुलै २०२४ च्या अखेरीस अशाच एका कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांची पेमेंट व्यवस्था काही काळ तोडून ठेवावी लागली. त्या दिवशी ज्यांचं सगळं एकाच खात्यात होतं ते पंपावर उभे राहिले. खातं उघडताना विचारावं की यूपीआयसाठी बँक थेट सदस्य आहे की दुसऱ्या बँकेमार्फत. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ असा संपतो का, तेही पाहावं. ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत सगळ्या बँकांनी तो घ्यायचा होता.

लॉकरचं इथं वेगळं सांगायला हवं, कारण पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दुधाळीपर्यंत शिरलं. चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट असते. पूर हा नैसर्गिक आपत्तीत मोडतो आणि त्यात बँकेचा निष्काळजीपणा दाखवता आला नाही तर ती भरपाई नाही. म्हणून लॉकर घेताना भाड्याआधी मजला विचारावा. तळघरातली किंवा तळमजल्यावरची स्ट्राँगरूम असेल तर २०१९ मध्ये पाणी कुठवर आलं होतं, ते शिपायालाच विचारावं, तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. कागदपत्रं लॉकरमध्ये ठेवायचीच असतील तर दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत बांधून, वरच्या रांगेतल्या लॉकरात.

खातं उघडताना वारसाचं नाव लावायला आता कुणाला सांगावं लागत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, हिस्से ठरवून किंवा एकामागून एक. पण छोट्या बँकेत एक जागा हमखास कोरी राहते. ठेवीचं नामनिर्देशन शेअर्सना लागू होत नाही. शेअर्सचा अर्ज वेगळा असतो, तो सहकार कायद्याखालचा, आणि काउंटरवरचा माणूस मागितल्याशिवाय देत नाही. वडील गेल्यावर ठेव आठ दिवसांत मिळते आणि पन्नास रुपयांचे ते वीस शेअर्स त्यांच्याच नावावर राहतात. लाभांश पडून राहतो, मत जातं, आणि अहवाल दरवर्षी ऑगस्टमध्ये गेलेल्या माणसाच्या नावानं येत राहतो. पाकिटावर सभासद क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक, मृत्यूचा दाखला आणि शेअर सर्टिफिकेट घेऊन शाखेत गेलं की पुढचा अर्ज मिळतो.